पहिली जुनी होडी : चाळीस हजारांच्या पलीकडचा हिशेब

प्रश्न : माझे मामा नांदगाव तालुक्यात गिरणा धरणावर मासे धरतात. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर होतो, ते काम सुटले. आता मामांच्या जोडीने धरणावर उतरायचे ठरवले आहे. उजनीच्या बाजूला, भिगवणजवळ, एक जुनी फायबरची होडी चाळीस हजारांत मिळते आहे. माझ्याजवळ पन्नास हजार आहेत. वरच्या दहा हजारांत बाकीचे भागेल का? आणि जुनी होडी घेताना नेमके काय बघायचे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दहा हजारांत बाकीचे भागणार नाही. पैसे नेमके कुठे कमी पडतील, हे आधी पाहा. होडी घेतली, टेम्पोने आणली, एक फट बुजवली, एवढ्यात दहा हजार संपतात. जाळी घ्यायची राहतात. मग धरणावरचा मासळीचा व्यापारी उचल देतो. ती उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची आणि भाव तो म्हणेल तो. पुढे उचल फिटत आली की जाळी फाटलेली असतात, म्हणून पुन्हा उचल. धरणावर वर्षानुवर्षे राबूनही हातात काही न उरलेली माणसे पाहिली, तर त्यातल्या कित्येकांची सुरुवात अशा अपुऱ्या भांडवलातून झालेली दिसते. म्हणून आधी पुरा हिशेब करा, असे मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे. पहिल्या दिवशी कमी पडलेले वीस-तीस हजार नंतर किलोमागे, वर्षानुवर्षे फेडावे लागतात.

आता क्रमाने. होडीच्या आधी पाणी.

धरणात मासे धरायचा हक्क होडीबरोबर मिळत नाही. राज्यातले बहुतेक जलाशय मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि ठेका प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज सोडते आणि सभासद मासे धरतात. तेव्हा पहिला प्रश्न मामांना नाही, संस्थेच्या सचिवांना विचारायचा : मला सभासद करून घ्याल का? मामा सभासद आहेत म्हणून भाचा आपोआप सभासद होत नाही. क्रियाशील सभासद होण्याच्या अटी काय, भागभांडवल किती, अनामत किती, ठेक्याची मुदत कधी संपते, हे कागदावर बघून घ्या. ठेका पुढच्या वर्षी संपत असेल आणि दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर होडी कितीही चांगली असली तरी काठावर पडून राहील.

त्याच बैठकीत दुसरे विचारा : धरलेली मासळी कुणाला विकायची? अनेक ठिकाणी संस्था किंवा तिच्या मागे उभा असलेला व्यापारी सगळी मासळी ठरलेल्या दराने उचलतो. कटल्याला, रोहूला, चिलापीला किलोमागे वेगवेगळा दर असतो आणि तो मालेगावच्या किंवा मनमाडच्या बाजारातल्या दरापेक्षा बराच कमी असू शकतो. हा एक आकडा तुमच्या सगळ्या हिशेबाचा कणा आहे. तो कळल्याशिवाय भिगवणला जाऊ नका.

मग पाण्याचे दिवस. गिरणा धरण मोठे आहे, १९६९ पासून उभे आहे, पण ते दरवर्षी भरतेच असे नाही. वर चणकापूर, हरणबारी, केळझर भरल्यावर खाली पाणी येते. मालेगावची तहान आणि जळगाव जिल्ह्याची आवर्तने याच साठ्यावर आहेत. जलसंपदा विभागाकडे पाणीसाठ्याचे रोजचे आकडे असतात. मागच्या दहा वर्षांचे १ जानेवारी, १ मार्च आणि १ मे या तीन तारखांचे आकडे वहीत उतरवून घ्या. काठ कुठपर्यंत मागे जातो, होडी लावायची जागा कोणत्या महिन्यात चिखलात जाते, हे मामा जागेवर दाखवतील. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, मासेमारी बंद ठेवायची असते, ते आठवडेही वजा करा. उन्हाळ्यात पाणी आटले की मासे थोड्या जागेत गोळा होतात आणि जाळ्यात चांगले येतात, पण ते दिवस थोडे असतात आणि त्याच दिवसांत वळवाचा वारा सुटतो. एवढी वजाबाकी करून वर्षात कामाचे खरे दिवस किती, हा दुसरा आकडा.

नाशिक जिल्ह्यातल्या इतर वाचकांसाठीही इथेच लिहितो. गोदावरी खोऱ्यात वजाबाकी आणखी कठीण आहे. जायकवाडीची तूट भरायची ठरली की गंगापूर आणि दारणा समूहातल्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि ऐन हंगामात काठ मागे सरकतो. निफाडच्या नांदूर मध्यमेश्वरला तर पाणी बारमाही दिसले तरी तो बेत करू नका. ते १९८६ पासून अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे आणि तिथे वन्यजीव कायदा लागू होतो. गंगापूर धरणातून नाशिक शहराला प्यायचे पाणी जाते. अशा जलाशयात इंजिन लावायचा विचार असेल तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी मिळवा.

एवढे जमले तर होडीकडे वळू.

फायबरची होडी निवडलीत हे बरे केले. लाकडी होडी सुंदर असते, पण पाणी मागे गेल्यावर चार महिने उन्हात पडली की फळ्या आकसतात आणि दरवर्षी डांबर, खिळे, सुतार लागतो. पत्र्याची होडी स्वस्त पडते, पण जोडांवर आणि रिव्हेटांभोवती गंज खातो आणि वरून रंग दिला की तो दिसत नाही. टोकदार हत्यार घेऊन जोडावर जोर दिला की खरे कळते. फायबरला गंज नाही, कीड नाही. तिचे दुखणे वेगळे आहे.

होडी पाण्यात असताना बघू नका, आधी काठावर उलटी करायला सांगा. विकणारा कंटाळा करत असेल तर तेही एक उत्तरच आहे. उलटी केल्यावर तळ बघा. वरचा गुळगुळीत थर उडून काचेचे धागे उघडे पडले असतील तर तिथून पाणी आत झिरपते आणि थर सुटू लागतात. हाताच्या बोटांनी किंवा नाण्याने तळ ठोकत जा. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. जिथे बद्द येईल तिथे खडूने गोल करा. दोन-चार लहान गोल असतील तर दुरुस्ती होते. नाळेच्या खालचा भाग आणि मागची फळी मिळून गोलच गोल झाले तर ती होडी सोडून द्या. मग होडीखाली बसून उन्हाकडे पाहा. रंग जाड नसेल तर पातळ झालेल्या जागी उजेड आरपार झिरपताना दिसतो. काठाच्या पोकळीत किंवा बाकाखाली तरंगण्यासाठी थर्माकोल अथवा फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायला असेल तर होडी जड होते आणि उलटल्यावर तरंगायच्या ऐवजी बुडते. म्हणून टेम्पो रिकामा आणि होडीसह असा दोनदा वजनकाट्यावर न्या आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनाशी ताडून बघा. चाळीस-पन्नास किलो जास्त आले तर आत पाणी आहे असे समजा.

त्यानंतर पाण्यात. रिकामी होडी कुणीही तरंगवून दाखवतो. तुम्ही दोन माणसे, जाळ्यांच्या वजनाची वाळूची पोती आणि वर मासळीच्या वजनाची दोन पोती असे घालून तासभर वल्हवा. काठ पाण्यापासून किती उंच राहतो ते मोजा, आणि परत आल्यावर तळाशी किती पाणी साचले तेही. विकत घेताना या तासाची घाई करू नका, कारण ही होडी मोठ्या पाण्यावर तुम्हाला आणि मामांना दोघांनाच सांभाळायची आहे.

कागदही बघा. होडी सरकारी अनुदानातून घेतलेली असेल तर ती विकण्यावर काही वर्षांची अट असू शकते. विकणाऱ्याच्या संस्थेचे पत्र आणि मुद्रांक कागदावरचा खरेदीचा करार, हे दोन्ही घ्या.

आता पैशांकडे. पुढचे आकडे उदाहरण म्हणून धरले आहेत, दर तुमच्या ठिकाणी विचारून त्यात घाला. मांडणी मात्र हीच ठेवा.

होडी ४०,००० रुपये. तळाच्या दुरुस्तीला, म्हणजे रेझीन, मॅट आणि कारागीर धरून, १२,०००. भिगवणहून अहिल्यानगर, मनमाड करत टेम्पोचे भाडे आणि चढवणे-उतरवणे ६,०००. जाळी २४,०००. जाळी म्हणजे नुसते नायलॉनचे कापड नव्हे, वरची दोरी, भेंडे, खालचे शिसे आणि जाळे बांधणाऱ्याची मजुरी या सगळ्यासकट. शिवाय एकच आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचे माप, चालत नाही : मोठ्या कटल्याला मोठी, चिलापीला लहान, आणि संस्थेने ठरवलेल्या आसेपेक्षा बारीक जाळे घेतले तर तो खर्च पाण्यात. वल्ही, नांगर, दोर ४,०००. दोन जीवनरक्षक जाकिटे ३,०००. संस्थेचे भाग, अनामत, परवाना ५,०००. बर्फाची पेटी आणि काटा ६,०००. बेरीज १,००,००० रुपये. म्हणजे चाळीस हजारांची होडी एक लाखाची झाली, आणि अजून एकही मासा धरलेला नाही.

हे एकदाचे झाले. दर वर्षाचे वेगळे. निम्मी जाळी बदलायची १२,०००. डागडुजी ५,०००. संस्थेची आणि परवान्याची रक्कम ५,०००. होडी आणखी पाच वर्षे चालेल असे धरले, तर पुढच्या होडीसाठी वर्षाला १०,००० बाजूला ठेवायचे. ही रक्कम लोक हिशेबात धरत नाहीत आणि पाच वर्षांनी पुन्हा उचलीसाठी हात पसरतात. झाले ३२,०००. वर्षात कामाचे दिवस १५० धरले तर दिवसाला साधारण २१३ रुपये. त्यात बर्फ आणि मासळी नेण्याचे भाडे रोजचे १०० धरा. रोजचा खर्च ३१३ रुपये.

इथे बहुतेक जण थांबतात आणि धंदा फायद्याचा वाटतो. पण होडीत दोन माणसे आहेत. संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे काढायचे, मासे सोडवायचे, दुपारी जाळी विणायची. अंबडच्या कारखान्यात तुम्हाला रोज मिळत होता, तो इथेही धरलाच पाहिजे. माणशी ५०० धरले तर हजार. रोजचा खरा खर्च १,३१३ रुपये. संस्थेचा दर सरासरी ६० रुपये किलो असेल तर रोज २२ किलो मासळी आली तर तुम्ही जागच्या जागी राहता. तीच मासळी स्वतः बाजारात १२० ने विकता आली तर ११ किलोत भागते. होडी चाळीसऐवजी पस्तीस हजारांत मिळावी म्हणून तुम्ही दोन दिवस घासाघीस कराल. पण पाच हजार म्हणजे पाच वर्षांत दिवसाला सहा-सात रुपये. किलोच्या दरात दहा रुपयांनी फरक पडला तर बावीस किलोवर दिवसाला दोनशे वीस. जोर लावायचा तर तो इथे लावायला हवा.

दुष्काळी वर्ष आले आणि दिवस १५० चे ९० झाले, तर होडीचा रोजचा खर्च ३१३ वरून ४५६ वर जातो. तेवढे सोसता येईल. खरा घाव वेगळा आहे : ६० दिवसांचा रोज बुडतो, दोघांचे मिळून साठ हजार. म्हणून अशा वर्षासाठी दुसरे काम हाताशी ठेवणे हाही बजेटचाच भाग आहे. तुमच्याकडे कारखान्याचे कसब आहे, ते सोडू नका.

इंजिनाचे विचारलेले नाही, पण भिगवणचा माणूस ते गळ्यात मारायला बघेलच. जुने दहा अश्वशक्तीचे बाहेरून लावायचे पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळते. मध्यम वेगाने ते तासाला तीन लिटर पिते असे धरा, रोज दीड तास चालवले तर साडेचार लिटर. लिटरचा दर शंभरच्या पुढे आहे, म्हणजे रोजचे साडेचारशेहून अधिक. होडीचा बाकी सगळा रोजचा खर्च ३१३ होता, एकट्या इंधनाने त्याच्या दीडपट खर्च वाढवला. साठच्या दराने साडेसात किलो मासळी रोज त्यातच जाईल. वर इंजिन लावल्यावर नोंदणी, तपासणी आणि विम्याचे प्रश्न येतात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. तुमच्या आकाराच्या होडीला त्यातले काय लागते, ते महाराष्ट्र सागरी मंडळाला लेखी विचारूनच इंजिन घ्या. पहिली दोन वर्षे वल्ह्यांवर काढा. गिरणेवर लांब जायचे असेल तर वाऱ्याची वेळ मामांना ठाऊक आहे.

यादीतल्या तीन हजारांच्या जाकिटांबद्दल थांबून सांगायचे आहे, कारण पैसे कमी पडले की कात्री पहिली तिथेच लागते. २१ मे २०२४ ला, याच उजनीत, कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उजनीचे पाणी समुद्र नाही, पण वळवाचा वारा रुंद जलाशयावर काही मिनिटांत लाटा उठवतो. पोहता येते हा भरवसा अंगात कपडे, पायात जाळे आणि अंधार असताना पुरत नाही. जाकीट अंगात घालून जाळे ओढता येते का ते दुकानातच वाकून, हात फिरवून बघा. अडचणीचे जाकीट होडीच्या कोपऱ्यात पडून राहते आणि मग ते असून नसल्यासारखे. त्याशिवाय प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे : मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. संस्थेमार्फत नाव नोंदवले गेले आहे की नाही, एवढेच पाहायचे.

मग पन्नास हजारांत काय करावे? मी तुमच्या जागी असतो तर भिगवणची होडी आत्ता घेतली नसती. पहिला हंगाम मामांच्या होडीत काढा. संस्थेचे सभासद व्हा, स्वतःची जाळी घ्या, जाकीट घ्या, बर्फाची पेटी घ्या. यात पस्तीस हजारांच्या आसपास जातील. उरलेले पंधराएक हजार हातात ठेवा. मामांची होडी, तुमची जाळी, असे असेल तर वाटा आधी ठरवा आणि तो वहीत लिहा. मामा-भाच्याचे नाते टिकवायचे असेल तर हे लिहिणे गरजेचे आहे. वर्षभरात नाशिकच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन नौका आणि जाळ्यांच्या योजना विचारा. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्य असते. पण अशी मदत खरेदीआधी मंजुरी घेऊन, नव्या साधनांच्या पावतीवर मिळते. आत्ता घाईत जुनी होडी घेतली तर उद्या नवी घेण्याचा मार्ग तुम्ही स्वतःच लांबवाल. एका हंगामानंतर तुमच्या वहीत कामाचे खरे दिवस, खरे किलो आणि खरा दर असेल. त्या वहीवर बँकही बोलायला तयार होते आणि होडी किती मोठी हवी हेही तुमचे तुम्हाला कळलेले असते.

---

प्रश्न : आमचे मूळ गाव पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. मी नाशिकरोडला नोकरीतून निवृत्त झालो. चुलतभाऊ म्हणतो, दोघांनी मिळून जुनी यांत्रिक बोट घेऊ. निवृत्तीची रक्कम घालावी का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : धरणाच्या होडीला जे नियम लावले तेच इथे लावा, फक्त प्रत्येक आकड्याला एक-दोन शून्ये वाढतात. आधी कागद. समुद्रातली मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली चालते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड फार वाढले आहेत. बोटीची नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. परवाना कोणत्या प्रकारच्या जाळ्यासाठी आहे, तो चालू आहे का, तुमच्या नावावर होईल का, बोटीवर जुना दंड किंवा संस्थेची बाकी आहे का, याची लेखी खात्री सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. परवाना नसलेल्या बोटीची किंमत तिच्या इंजिनाएवढी आणि फळ्यांएवढीच असते.

मग हंगाम. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात बोट शाकारायची, तळ खरवडायचा, रंग द्यायचा, इंजिन उघडायचे, पंखा आणि दांडा तपासायचा. म्हणजे उत्पन्न शून्य आणि वर्षातला सगळ्यात मोठा खर्च एकाच वेळी येतो. त्यात खलाशांना हंगामाआधी आगाऊ रक्कम द्यावी लागते, ती हंगामभर वाट्यातून वळती होते आणि खलाशी मध्येच गेला तर बुडते. डिझेलवरच्या करपरताव्याचा आधार आहे, पण तो नंतर मिळतो. आधी पूर्ण दराने डिझेल भरावे लागते. म्हणून बोटीच्या किमतीशिवाय निदान तीन महिन्यांच्या फेऱ्यांचे डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल एवढी रोख रक्कम हातात असेल तरच पुढे जा.

बोटीबरोबर जुनी जाळी मिळत असतील तर त्यांची किंमत धरू नका. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवले आहे. त्याच वर्षी राज्यमासा झालेला पापलेट त्यात आहे. पालघरचा किनारा, विशेषतः सातपाटी, पापलेटवर जगतो, आणि लहान पापलेट धरून तो किती घटला हे तुमचे चुलतभाऊ माझ्यापेक्षा जास्त जाणतात. बारीक आसेची जाळी तुम्हाला कायद्याच्याही अडचणीत आणतील आणि पुढच्या हंगामाच्याही.

निवृत्तीच्या रकमेबद्दल स्पष्ट सांगतो. बोट एका वादळात, एका इंजिनाच्या बिघाडात किंवा सलग दोन वाईट हंगामांत सगळी रक्कम खाऊ शकते. तुम्ही स्वतः तांडेल म्हणून जाणार नाही, नाशिकरोडला बसून पैसे घालणार आहात. तेव्हा घरखर्चाला न लागणाऱ्या रकमेतला छोटा हिस्सा घाला. भावाचा हिस्सा मोठा असू द्या, कारण समुद्रावर तो जाणार आहे. आणि भागीदारीचा करार नोंदवून घ्या, त्यात बोट विकायची वेळ आली तर कसे, हेही लिहा.

---

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या काही बायका धरणाची मासळी घेऊन विकतात. होडीसाठी किसान क्रेडिट कार्डावर कर्ज मिळेल का? — एक वाचक, इगतपुरी

उत्तर : किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे, गटांनाही मिळते. पण ते खेळत्या भांडवलासाठी आहे : जाळी, बर्फ, वाहतूक, मासळीची खरेदी. होडीसारख्या टिकाऊ वस्तूला मुदत कर्ज लागते. कार्डावरचे कर्ज ठरलेल्या मर्यादेत ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडले तर ३ टक्क्यांची सवलत मिळून व्याज ४ टक्क्यांवर येते. गावातल्या उचलीशी तुलना करायचीच गरज नाही. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला आहे. बँकेत गेल्यावर तो सांगा, शाखेत सगळ्यांना माहीत असेलच असे नाही.

तुमच्या गटाने होडी घ्यावी का, याबद्दल माझे मत असे : आत्ता घेऊ नये. तुमची ताकद विक्रीत आहे. धरणावरच्या माणसांना उचल देणारा व्यापारी जे करतो ते तुम्ही कार्डाच्या पैशांवर, रास्त दराने करू शकता. चांगली बर्फाची पेटी, प्रमाणित काटा आणि मासळी मोजल्याबरोबर रोख पैसे, एवढे जमवले तर होडीवाले आपणहून तुमच्याकडे येतील. मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह दुचाकी आणि तीनचाकीलाही साहाय्य आहे आणि महिलांसाठी ते ६० टक्के आहे. अर्ज गटातल्या ज्या सदस्येच्या नावाने करायचा तिचे आधार, बँक खाते आणि मासळी विकत असल्याचा संस्थेचा दाखला आधी तयार ठेवा.